उचललेला फोन आणि न उचललेला फोन

मित्रांनो, बटणं दाबून चालवायचा काळा, जाडजूड मोबाईल तुमच्याही घरात कुठंतरी पडला असेल. मी त्यातलाच एक. माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडा पुसून गेला आहे आणि पाठीचं झाकण रबरानं बांधलेलं आहे. सध्या मी विंझरला ठकुबाईंच्या घरी, सुईदोऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असतो. माझ्यावरून आता कुणी बोलत नाही, म्हणून आज मीच बोलतो. आणि खरं सांगायचं तर मी फार वैतागलेलो आहे. जे माझ्या माथी मारलं गेलं, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या मुली रांगेत बसून आम्हांला जोडत. मग आम्हांला उंचावरून खाली पाडत. जे फुटले नाहीत ते खोक्यात गेले. मी फुटलो नाही, याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

भोरच्या बाजारपेठेतल्या दुकानातून मला नूतननं घेतलं. नूतन म्हणजे ठकुबाईंची एकुलती एक लेक. नर्सिंगचं शिक्षण संपवून ती मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरीला निघाली होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला आईच्या हातात दिलं.

"आई, हिरवं बटण दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की बंद. बाकीच्यांना हात लावू नको."

"आन चुकून लागला तर?"

"लागू दे. फुटत नाही तो."

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. ठकुबाईंनी जुन्या खणाची पिशवी शिवून मला गळ्यात अडकवलं. भातलावणीच्या वेळी मी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, बांधावर बसलेला असे. परदेशातून बोलणं महाग, म्हणून मायलेकींनी एक खूण ठरवली होती. रोज सकाळी नूतननं नुसती एक रिंग द्यायची, ठकुबाईंनी उचलायची नाही. रिंग आली म्हणजे लेक खुशाल आहे. खरं बोलणं शुक्रवारी, नूतनच्या सुट्टीला. त्या दिवशी गेनबा, म्हणजे ठकुबाईंचे मालक, गोठ्यातली कामं लवकर उरकून माझ्याशेजारी येऊन बसत. "माझी लेक ह्याच्यात बोलती," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तेव्हा मला कुणी डबडं म्हणत नसे.

पुढं नूतनचं लग्न झालं. जावई सोमनाथ तिकडंच, लांब वाळवंटात तेलाच्या कंपनीत होता. तो पंधरा पंधरा दिवस कामावर जाई आणि तिथं रेंज धड नसे. नूतनला दिवस गेले, तेव्हा तिनं आईला बोलावून घेतलं. गेनबांना जाता येईना. म्हशी होत्या, भाताचं शेत होतं आणि त्यांचा पासपोर्टही नव्हता.

निघायच्या आठवड्यात गेनबा मला घेऊन गावातल्या मोबाईलच्या दुकानात रिचार्ज मारायला गेले. दुकानदार सरफराज मूळचा भोरचा, बोलायला गोड पोरगा. त्यानं नंबर टाकला आणि विचारलं, "काका, फोन काकूंबरोबर बाहेर जाणार का? मग रोमिंगचा वेगळा पॅक मारावा लागतो."

"आरं, आत्ता म्हैन्याचा मारलास की!"

"तो आपल्याकडचा झाला. तिकडं तो चालत नाही. तिकडं नुसता आलेला फोन उचलला तरी पैसे जातात."

गेनबा हसले. "आलेल्या फोनला कशाचं पैसं? लावनाराचं जात्यात. मला येडा समजतोस व्हय?"

बिचाऱ्या सरफराजनं मग तो पॅक मारलाच नाही. त्याच्या काउंटरवर मी होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की गेनबा, पोरगं खरं बोलतंय. तुम्ही विंझरहून फोन लावाल तेव्हा तुमचे नेहमीइतकेच जातील, पण मी मस्कतला असेन. तिथवरच्या प्रवासाचे पैसे ज्यानं उचलला त्याच्या खात्यातून कापले जातात. पण मला दुसऱ्याचं बोलणं पोचवता येतं, स्वतःचं नाही.

विमान उतरलं आणि ठकुबाईंनी मला चालू केलं. लगेच माझ्या पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक मेसेज आला. लावायचा दर, उचलायचा दर, सगळं त्यात लिहिलेलं होतं. ठकुबाईंनी तो पाहिला, "देवाचं कायतरी आसंल" म्हणाल्या आणि मला पिशवीत टाकलं. तेवढ्यात मी वाजलो.

पहिला फोन गेनबांचा होता. "पोचलीस का?" मग जावेचा फोन आला. "पोचला का? विमानात जेवाय दिलं का?" मग मार्गासनी गावातली त्यांची बहीण. तिनं पोचल्याचं विचारून घेतलं आणि मग तिच्या सुनेनं माहेराहून यायला कसा उशीर लावला, ते सविस्तर सांगितलं. ठकुबाई बॅगांच्या पट्ट्याशेजारी उभ्या राहून "व्हय गं बाई, व्हय" करत होत्या. मी थरथरत होतो. त्या सुनेच्या माहेरपणाचे पैसे माझ्या खात्यातून वितळत होते! नूतन बाहेर भेटली, तोवर मी रिकामा झालो होतो.

नूतननं कपाळावर हात मारला. "अगं आई, इथं उचललं की पैसे जातात! आपण तुला इथलं सिम घेऊ."

"नगं बाई. नंबर बदलला तर मला कोन वळखनार?"

शेवटी नूतननं पुण्यातल्या मामेभावाकडून माझ्यात थोडे पैसे भरून घेतले. आईला बजावलं, "हा आता अडीअडचणीलाच. गावाकडचे फोन उचलायचे नाहीत. मी माझ्या फोनवरून शुक्रवारी लावून देईन."

ठकुबाईंनी मान डोलावली. पण नूतन कामावर गेली, की त्या परक्या घरात त्या एकट्या. खाली रस्त्यावर माणूस दिसत नसे, शेजारणीची भाषा कळत नसे. अशात मी वाजलो, की त्या माझ्याकडं बघत राहत आणि शेवटी हिरवं बटण दाबत. "न्हाई उचलला तर म्हनतील, ठकी लेकीकडं गेली आन फुगली." मला त्यांचा राग येई आणि कीवही येई. गावात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, की आपल्या एका "काय चाललंय?"नं तिकडं काय होतं. गेनबाही संध्याकाळी शेजारच्या चिमाजींच्या फोनवरून हमखास लावत, "आज भाजी काय केली?" एवढंच विचारायला. असं करता करता माझ्या तळाशी चार पैसे उरले.

मग तो दिवस आला. बाळंतपणाची तारीख अजून लांब होती. सोमनाथ वाळवंटात होता. सकाळी नूतन मोरीजवळ भिंत धरून खाली बसली. तिच्या कपड्यांवर रक्त होतं. तिनं स्वतःच दवाखान्याची गाडी बोलावली. दवाखान्यात तिला चाकांच्या स्ट्रेचरवरून आत नेताना तिनं आपला मोबाईल आईच्या हातात दिला आणि दार बंद झालं.

तो मोठा, काचेचा, झगझगीत मोबाईल होता. त्यात सोमनाथचा नंबर होता, सगळं जग होतं. पण तो नूतनच्या बोटाशिवाय उघडत नव्हता. ठकुबाईंनी त्याच्यावर बोट फिरवून पाहिलं, पदरानं काच पुसून पुन्हा फिरवून पाहिलं. शेवटी त्यांनी त्याला पिशवीत ठेवलं आणि मला मुठीत घट्ट धरलं. त्यांच्या तळहाताला सुटलेला घाम माझ्या बटणांत उतरत होता. त्या देवाचं नाव घेत नव्हत्या, रडत नव्हत्या. नुसत्या त्या दाराकडं बघत होत्या.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मोडक्या हिंदीत सांगितलं, की ऑपरेशन झालं, मुलगी झाली, रक्त फार गेलं होतं, पण आता आई धोक्याच्या बाहेर आहे. ठकुबाईंनी मूठ उघडून मला समोर धरलं. मग त्यांनी चिमाजींचा नंबर लावला आणि "माझ्या मालकाला द्या" म्हणाल्या. गेनबा धावत आले असावेत, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"अवो, नूतनला आत न्येलं व्हतं. लई रगत ग्येलं. डॉक्टर म्हनत्यात, आता ती—"

आणि माझे पैसे संपले.

मित्रांनो, त्या क्षणाची चीड मी कशी सांगू? "धोक्याच्या भाईर हाय" एवढेच शब्द उरले होते! ते माझ्यापाशी आले होते. मी ते घेतलेही होते. पण पुढं सरकता येईना. ठकुबाई बोलतच राहिल्या, "नात झाली, अवो, नात!" पलीकडं कुणीच नव्हतं. गेनबांनी उलटा फोन लावला असणार, पण परदेशात रिकाम्या फोनवर येणारा फोनही लागत नाही. ठकुबाईंनी मला हलवलं, कानाशी धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. "बोल की रं मेल्या!" मी काय बोलणार?

त्यांनी एकदोघी नर्सांपुढं मला धरलं. त्या नर्सांना वाटलं, बाईला चार्जर हवा आहे. दुपारी शेफाली कामावर आली. ती नूतनची मैत्रीण, तिच्याच वॉर्डातली नर्स. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मौसी, रोइए मत. मेरे फोन से लगाते हैं. नंबर क्या है?" नंबर ठकुबाईंना पाठ नव्हता, पण माझ्यात होता. तेवढं एक काम तरी माझ्या हातून झालं. शेफालीनं माझ्यातून तो वाचला आणि स्वतःच्या मोबाईलवरून लावला.

रिंग गेली आणि पलीकडून फोन कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

तिकडं काय घडत होतं, ते मला नंतर कळलं. चिमाजींच्या फोनवरून परदेशातल्या नंबरावर फोन लागत नसे, म्हणून नूतनच्या फोनवर विचारता येईना; आणि आता त्यांच्या पडद्यावर परदेशातला भलताच, अनोळखी नंबर आला होता. त्यांनी कुठंसं वाचलं होतं, की बाहेरच्या देशातला अनोळखी फोन उचलला की खातं साफ होतं. "नगा उचलू," ते गेनबांना म्हणाले, "पैसं जात्यात." आपल्या गावात बसून आलेला फोन उचलायला एक छदामही पडत नव्हता, मित्रांनो! जिथं पैसे जात होते, तिथं भाजीच्या चौकशीसाठी उचलला. जिथं फुकट होता, तिथं लेकीच्या जिवाची बातमी दोनदा कापली. मी उगीच वैतागलेलो नाही.

आणि "आता ती" एवढ्यावर गेनबांनी उरलेलं वाक्य स्वतः पुरं केलं. ते ओट्यावर बसले आणि उठेनात. जाऊबाई रडायला लागली. मार्गासनीची बहीण टेम्पोनं आली, ती रस्त्यापासूनच हंबरडा फोडत आली. आळीत चूल पेटली नाही. म्हशी धारेसाठी ओरडत होत्या, त्यांच्याकडं कुणी गेलं नाही. कुणीतरी विचारलं, "हितं आनायचं, का तिकडंच?" गेनबा म्हणाले, "माझ्याकडं कागद न्हाई. मला जाता यायचं न्हाई. तिची आई येकटी हाय तिथं."

दिवेलागणीला चिमाजींनी वेल्ह्यातल्या पाहुण्यांना कळवायला मोबाईल काढला, तर त्याच परक्या नंबरावरून एक फोटो आणि एक आवाजाचा निरोप येऊन पडला होता. फोटोत ठकुबाई होत्या. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेलं लालसर बाळ होतं. चिमाजींनी बोट लावलं आणि रडत्या माणसांच्या मधोमध ठकुबाईंचा आवाज घुमला, "अवो, कुनी फोन का उचलंना? नूतन बरी हाय. शुद्धीत आली. पानी मागितलं तिनं. आन नात झाली तुमाला. लई बारीक हाय, पर लई वराडती."

गेनबांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मग ते उठले आणि धारेची बादली घेऊन गोठ्यात गेले. तिथून ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, असं जाऊबाई सांगते.

ठकुबाई परत आल्या, तेव्हा खरं तर मला वाटलं होतं, की आता कुणीतरी समजून घेईल. पण गेनबांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "ह्या डबड्यानं माझी लेक जित्तेपनी मारली." त्यांनी मला भिंतीवर आपटलं. मी फुटलो नाही, फक्त झाकण निघालं. ठकुबाईंनी मला उचलून रबर लावला, पण गळ्यात काही अडकवलं नाही. मी डब्यात गेलो, सुयांच्या शेजारी. माझी बॅटरी फुगली. घरात नवा, काचेचा मोबाईल आला.

परवा मात्र डब्याचं झाकण उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. गेनबांचा पासपोर्ट आला आहे. ते नातीला बघायला निघाले आहेत. त्यांनी सरफराजला घरीच बोलावलं होतं.

"आलेला उचलला तर किती जाईल? न उचलता नुसता वाजला तर? मेसेज आला तर? इंटरनेट आपोआप चालू झालं तर?"

"काका, पॅकमध्ये हे सगळं बसतं. पॅक संपला की फोन बंदच ठेवा. इंटरनेटचं रोमिंग मी बंद करून देतो."

"थांब. पॅक कवा सुरू व्हतो? हितनं निघाल्यावर का तिकडं उतरल्यावर?"

सरफराज चहा थंड होईस्तोवर उत्तरं देत होता. गेनबांनी एकेक उत्तर ठकुबाईंना पुन्हा म्हणायला लावलं. मग ते दारात उभे राहिले आणि आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "म्या पोचलो का, ह्ये मला कुनी इच्यारायचं न्हाई! मी हिला सांगीन, तुमी हिला इच्यारा!"

मला त्यांनी बरोबर घेतलं नाही, माफीही मागितली नाही. आपटलेल्या वस्तूची माफी कोण मागतं?

मित्रांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत तुम्ही लोणचं, चटणी, गोधडी सगळं आठवणीनं भरता. तसं एकदा त्याच्या फोनजवळही बसा. काय उचलायचं, काय नाही, काय फुकट आणि काय महाग, हे त्याला विचारा, त्याला सांगा आणि मागं राहणाऱ्यांनाही सांगा. दहा जणांनी त्याला "पोचलास का?" विचारू नका. एकानं विचारा, नऊ जणांनी त्या एकाला विचारा. कारण फोन कितीही दणकट असला, तरी त्याच्यात जेवढं भरलेलं असेल, तेवढंच तो पोचवतो. उरलेलं माणसं आपल्या मनानं भरतात, आणि घाबरलेलं मन कधी चांगलं भरत नाही.