खिळ्यावरचा नान

"आधी तो नान उतरवा," दलाल गनी म्हणाला. "छत गळत असलं तरी चालेल."

"छत गळत नाही," महकम-अका म्हणाले.

"गळू द्या हो! गळक्या छताला गिऱ्हाईक मिळतं. पण भिंतीवर कुणी दात लावलेला नान दिसला की लोक चहासुद्धा न घेता उठतात. ज्याचा नान, त्याचं घर. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर?"

"उभा राहणारच आहे."

"मग मी आत्तापर्यंत काय बोंबलतोय, अका?"

महकम-अकांनी उभा जन्म कोकंद शहरातले विजेचे मीटर वाचण्यात घालवला होता. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा त्यांना सरकारी पगार मिळायचा. आता लोक फुकटात त्यांच्या घरात डोकावत होते आणि वर नाकं मुरडत होते. चोरून ओढलेली तार लोक कुठे लपवतात, हे अकांना बरोबर कळायचं. एखादा गालिचा गरजेपेक्षा जास्त सरळ टांगलेला दिसला की ते मुकाट्याने तो उचलून बघत.

तो नान नोदिरचा, त्यांच्या मुलाचा. विटा रचायच्या कामाला रशियात निघाला तेव्हा रीतीप्रमाणे दारातच त्याने एक घास तोडला होता, आणि उरलेला नान बैठकीत खिळ्यावर चढला होता. परत येईल तेव्हा तोच तो संपवणार; तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्यापासून नोदिरचा फोन बंद होता. "फोन हरवला असेल, ढिसाळच आहे तो," असं अका सगळ्यांना सांगत. सांगून सांगून ते त्यांना जवळजवळ खरं वाटू लागलं होतं.

मग पानं पिवळी पडायच्या सुमाराला त्यांची मुलगी मुअत्तर ताश्कंदहून एकटीच आली. बरोबर मुलं नाहीत, नवरा नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "बाबा, घर विकू या. थंडी पडायच्या आत."

"एवढी काय घाई? घर काही पळून जात नाही."

"एकटे राहता तुम्ही. मला झोप लागत नाही तिकडे."

त्या दिवसापासून ती धुतलेल्या बश्या पुन्हा धूत होती.

आणखीही काही गोष्टी अकांना खटकत होत्या. शेजारची शरोफत-खाला रोज भिंतीवरून ओरडून विचारायची, "काय हो, फोन आला का पोराचा?" ती आता फोनचं सोडून अंगणातल्या बिह्याच्या फळांची चौकशी करू लागली होती. चहाखान्यात त्यांना आपोआप तक्क्याजवळची जागा मिळू लागली. ती जागा फार म्हातारं झाल्यावर मिळते. अका अजून तेवढे म्हातारे झाले नव्हते.

चुना लावायचा दिवस उजाडला. "नान मी काढते," मुअत्तर म्हणाली.

"रुमालात नीट बांध. तुझ्या घरी पहिला खिळा त्याच्यासाठी ठोकायचा."

"हो, बाबा."

अका अंगणात द्राक्षाचा वेल मांडवावरून उतरवायला गेले. दरवर्षी हिवाळ्याआधी तो जमिनीवर आडवा करून मातीखाली झाकायचा असतो. छपरावर चिमण्यांनी नुसता गोंधळ मांडला होता.

"आज काय लग्न आहे का गं यांच्यात?" त्यांनी हाक मारून विचारलं.

मुअत्तर छपराच्या शिडीवरून उतरत होती. "भुकेल्या असतील," ती म्हणाली, आणि ओढणीला हात पुसत आत निघून गेली.

अका वेल सोडवत राहिले. शरोफत-खालाच्या भावाची खबर सैन्यातून आली तेव्हा तिने त्याचा नान भिजवून चुरून पाखरांना घातला होता. परत न येणाऱ्याचा नान घरात ठेवत नाहीत. ते त्यांना आठवलं, आणि आठवल्याबद्दल त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. एक हलवाई आणि त्याची म्हातारी आई. मुलगा खोल्या मोजत फिरला. म्हातारी बैठकीत आली आणि पांढऱ्या स्वच्छ भिंतीसमोर थांबली.

"हा खिळा कशाचा?"

"कॅलेंडरचा!" गनी घाईघाईने म्हणाला.

"तुला विचारलं का मी? तू गप बस." ती अकांकडे वळली. "भाऊ, खरं सांगा. तुमचं कुणी बाहेर आहे का? कुणाची वाट अडवून मला घर नको."

"मुलगा आहे," अका म्हणाले. "पण त्याचा नान आम्ही बरोबर नेतोय. हा बघा."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

नोदिर लहानपणी तुतीच्या झाडावरून पडला होता. पुढचा दात अर्धा तुटला, तो तसाच राहिला. त्यामुळे तो जे चावेल त्याच्या मधोमध एक बारीक उंचवटा शिल्लक राहायचा. दर शुक्रवारी धूळ झटकताना अकांचं बोट त्या उंचवट्यावरून फिरायचं.

रुमालातला नान कडक होता, गोल होता, एका कडेला चावलेला होता. चावा एकसारखा, सुबक, मोत्यांच्या माळेसारखा. गालिचा फार सरळ टांगला होता.

दारात मुअत्तर चहाची किटली घेऊन उभी होती. तिचे दात लहानपणापासून फार सुंदर. अकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मग?" म्हातारी हळूच म्हणाली. "येणार आहे ना तो?"

अकांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली.

"घर घ्या तुम्ही," ते म्हणाले. "दारात कुणी उभं राहणार नाही."

म्हातारीने दुआ पुटपुटून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

माणसं गेल्यावर अका अंगणात आले, फावडं घेतलं आणि आडव्या केलेल्या वेलावर माती ओढू लागले.

मुअत्तर मागोमाग आली. "बाबा, मी सांगणार होते. रोज ठरवत होते... राहू द्या ना ते. नवे मालक करतील."

"ते करतील तेव्हा करतील. थंडी पडायच्या आत झाकायला हवं. उघडं नाही ठेवायचं." कोटाच्या आत धरलेली रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. "हा नान तुझा. तू चावलायस. आता कुठेही गेलीस तरी मला तू परत यायला हवीस."

ती मातीत गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागली. छपरावर आज चिमण्या नव्हत्या. अका मातीवर हलकेच फावडं थोपटत होते, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने.