थॉर्लींचा मूळपुरुष

दत्तप्रसाद निवळकरांना माणूस पटायला त्याचा बाप, आजोबा आणि पणजोबा माहीत असावे लागत. नुसता समोर उभा असलेला माणूस त्यांना प्लास्टर न झालेल्या घरासारखा अपुरा वाटे.

म्हणून त्यांची लेक मिताली, क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेली, व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, बाबा, अँगस अँड आय आर गेटिंग मॅरीड," तेव्हा तिच्या आईने, मंजिरीने, टाळी वाजवली आणि दत्तप्रसादांनी विचारलं, "त्याच्या वडिलांचं नाव काय?"

"रसेल. शेतकरी आहेत. ज्वारी पिकवतात."

"ज्वारी!" मंजिरी खूश झाली. "भाकरी खातात?"

"गुरांना घालतात, आई."

"आणि रसेलच्या वडिलांचं नाव?"

"बाबा, आय एम नॉट मॅरिंग हिज ग्रँडफादर."

हे जूनमधलं. महिना संपता संपता निवळकर राहत त्या सिडनीत लॉकडाऊन लागला, क्वीन्सलँडने दारं लावून घेतली, आणि होणाऱ्या जावयाला प्रत्यक्ष पाहून चार प्रश्न विचारायची सोय बुडाली. मंजिरी पॅथॉलॉजिस्ट. ती रोज लॅबला जायची, अख्ख्या शहराच्या नाकातलं तपासायची आणि रात्री बोलायचं त्राण नसायचं. दत्तप्रसाद सरकारी खात्यात आयटीत. पॅरामॅटाचं ऑफिस कॅसल हिलच्या घरातल्या डायनिंग टेबलावर आलं, आणि एक गुपित उघडं पडलं, की दिवसभराचं काम जेवणाआधी उरकतं. जेवणानंतर दत्तप्रसाद मोकळे असत. मोकळा दत्तप्रसाद ही घरातल्यांना परवडणारी गोष्ट नव्हती.

सुदैवाने कुलवृत्तांत होता.

निवळकर घराण्याची पहिली आवृत्ती चाळीसेक वर्षांपूर्वी निघाली. तिच्यात मुलग्यांना परिच्छेद आणि मुलींना अर्धी ओळ. लग्न होऊन गेली की विषय संपला. नव्या आवृत्तीत सुधारणा झाली होती. लेकींचं सासरही द्यायचं, आणि ते थेट सासरच्या मूळपुरुषापर्यंत. ही सूचना दत्तप्रसादांचीच. मिताली तेव्हा अविवाहित होती आणि चुलतभावांच्या जावयांची फजिती बघायला त्यांना आवडणार होतं. सूचना एकमताने मंजूर झाली. आता ती उलटून त्यांच्याच अंगावर आली होती.

कुलवृत्तांत समितीचे अध्यक्ष पुण्याचे श्रीनिवासदादा, सख्खे चुलतभाऊ. त्यांनी फोनवर सांगितलं, "दत्तू, परदेशी जावयांचं आम्ही ठरवलंय. वंशावळ मिळाली तर पूर्ण नोंद. नाही मिळाली तर लेकीच्या नावापुढे 'परदेशी' एवढंच."

"एवढंच?"

"मग काय लिहू? गोरा?"

"दादा, अरे कुत्र्याच्या प्रदर्शनात लिहितात तसं!"

"दिवाळीला छापायचंय. यंदा किती गेले माहितीये ना तुला? उरलेत त्यांच्या हातात पुस्तक पडू दे."

हे मात्र खरं होतं. त्या वर्षी पुण्यात समितीचं निम्मं काम मृत्यूच्या तारखा भरण्याचं होतं. पण पुढची आवृत्ती निघेपर्यंत आणखी चाळीस वर्षं जाणार आणि तोवर आपल्या एकुलत्या एका लेकीच्या नावापुढे, बाप आणि आजोबा नसलेला, तो एकच शब्द राहणार, हे त्यांना गिळवेना.

"मला चालेल, बाबा," मिताली म्हणाली. "नाहीतरी ते पुस्तक कोण वाचतं?"

"मी वाचतो," दत्तप्रसाद म्हणाले.

ते कामाला लागले. रसेलकडून मितालीमार्फत एवढंच कळलं, की खापरपणजोबा इलायस गिडियन थॉर्ली सोन्याच्या खाणींच्या गडबडीत मॅसॅच्युसेट्सहून जहाजाने आला, सोनं काही सापडलं नाही, मग त्याने जमीन धरली. त्याच्या मागचे लोक अमेरिकेत शेतकरी होते, अगदी तिथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हापासून. बस. दत्तप्रसादांना एवढं पुष्कळ होतं. निवळकरांचा मूळपुरुष त्यांनी याहून कमी सामानावर उभा केला होता.

त्यांची पद्धत सरळ होती. माणसाचं मधलं नाव घ्यायचं. मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. मग त्या नावाचा माणूस शोधायचा, त्याचं मधलं नाव घ्यायचं, आणि चढत जायचं. जिना तयारच असतो, फक्त पाय टाकायचे. वीस वर्षं ऑस्ट्रेलियात राहून प्रत्येक फॉर्मवर 'मिडल नेम'च्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या वडिलांचं, बायकोपुढे स्वतःचं आणि मुलीपुढेही स्वतःचंच नाव घातलं होतं. बाकीचे लोक त्या रकान्यात दुसरं काही भरत असतील, ही शंका त्यांना शिवली नव्हती. ऑफिसात शेजारी वीस वर्षं बसणाऱ्या कीथ डग्लसच्या वडिलांची त्यांनी 'हाऊ इज डग्लस?' अशी दर ख्रिसमसला चौकशी केली होती. कीथ बिचारा 'गुड, गुड' म्हणायचा.

तेव्हा रसेल क्लाइडचा बाप क्लाइड. इलायस गिडियनचं गाव आणि जन्मसाल जहाजाच्या यादीत मिळालं, त्याचा बाप गिडियन. आणि गिडियन सापडला तो केवढा! इलायसच्या गावापासून दोन गावं पलीकडे, कॅप्टन गिडियन थॉर्ली. नदीकाठी जमीन, दोन जोड्या बैल, सफरचंदाची बाग, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बाक, आणि स्वातंत्र्ययुद्धात पलटणीचा नायक. दत्तप्रसादांचे डोळे भरून आले. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"कॅप्टन?" श्रीनिवासदादा म्हणाले. त्यांच्या आवाजातला 'गोरा' एकदम उतरला. "वा! लढाईत होता म्हणतोस? मग याला अर्धं पान देऊ. पाठव, लगेच छापखान्यात जुळणीला टाकतो."

मंजिरीने रविवारी चहा पिता पिता तो तक्ता पाहिला. तिला वंशावळीत गम्य नव्हतं, पण तारखा वाचायची तिला व्यवसायामुळे खोड होती.

"दत्ता, हा गिडियन अठराशे पंचवीसला वारलाय."

"हो. थडगं आहे, फोटो आहे."

"आणि मुलगा इलायस अठराशे एकोणतीसचा."

"मग?"

"वडील गेल्यावर नऊ महिन्यांपर्यंत मी ऐकून घेईन. चार वर्षं मेडिकल सायन्सला झेपत नाहीत."

"लिहिणाऱ्याने चूक केली असणार. खेडेगावचा कारकून."

"खेडेगावच्या कारकुनाने केली असेल, किंवा कॅसल हिलच्या," असं म्हणून मंजिरी झोपायला गेली.

दत्तप्रसादांनी तो आकडा मनाच्या एका कोपऱ्यात ढकलला आणि वर उशी ठेवली. त्याच आठवड्यात व्याह्यांशी पहिली झूम भेट होती. त्यांनी स्लाइड्स केल्या. मंजिरीने सांगून पाहिलं, की पहिल्या भेटीत हवापाण्यावर बोलतात. पण ज्या माणसाला स्वतःचा खापरपणजोबाच्या पलीकडचा पूर्वज माहीत नाही त्याला तो भेट द्यायचा, याहून मोठा आहेर कोणता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पडद्यावर रसेल आले. उन्हाने भाजलेला चेहरा, टोपीखालचं कपाळ तेवढं पांढरं, मागे स्वयंपाकघर. शेजारी अँगस आणि मिताली.

"गुड टु मीट यू, दत्ता. तू म्हणे आमचा तो अमेरिकन म्हातारा शोधून काढलास. माझे वडील मरेपर्यंत त्याचंच विचारत होते. कुठला रे तो?"

"येतो, येतो तिकडे," दत्तप्रसाद म्हणाले आणि पहिली स्लाइड लावली. "खालून सुरुवात करू. हे तुम्ही, रसेल. आणि हे तुमचे पूज्य पिताजी, मिस्टर क्लाइड थॉर्ली, पर्थ येथील बेकरीचे मालक."

पलीकडे अँगसने तोंडावर हात ठेवला.

"कोण क्लाइड?" रसेल म्हणाले.

"तुमचे वडील. रसेल क्लाइड."

"माझा बाप रॉन. क्लाइड घोडा होता, मेट."

"घोडा?"

"नांगराचा. मी जन्मलो त्या वर्षी टूवूंबाच्या शेतकी शोमध्ये पहिला आला. बाप इतका खूश झाला, की घोड्याचं नाव मला दिलं. आई महिनाभर बोलत नव्हती त्याच्याशी." त्यांनी पडद्याजवळ तोंड आणलं. "पर्थचा हा बेकर कोण आहे?"

मंजिरीला ठसका लागला. तिने कॅमेरा बंद केला, पण माइक करायला विसरली. त्यामुळे पुढची दोन मिनिटं टूवूंबाला तिचं हसणं ऐकू जात राहिलं, आणि मग टूवूंबाही हसू लागलं. मिताली टेबलावर डोकं ठेवून "ओह माय गॉड, बाबा" एवढंच म्हणत होती.

दत्तप्रसाद हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे जिना कोसळत होता. क्लाइड घोडा असेल तर गिडियन कोण? कॅप्टन तरी कशावरून? उशीखालचा आकडा बाहेर आला. चार वर्षं आधी मेलेला कॅप्टन, अर्ध्या पानासकट, पुण्यात जुळणीला गेलेला होता.

कॉल संपताना रसेल म्हणाले, "नो वरीज, दत्ता. पण खरा सापडला तर कळव हं. घोडा निघाला तरी चालेल."

तो आठवडाभर दत्तप्रसादांचा आतल्या आत वाद चालला होता. पुस्तक पुण्यात छापणार, मराठीत. मॅसॅच्युसेट्सचा कोणता थॉर्ली ते तपासायला सदाशिव पेठेत येणार होता? गिडियन गप्प बसायला तयार होता, श्रीनिवासदादा खूश होते, मितालीला अर्धं पान मिळत होतं. खरं शोधायला गेलं आणि काही मिळालं नाही, तर पुन्हा तो एक शब्द.

"राहू दे की," मंजिरीने मुद्दाम म्हटलं. "कोण विचारतंय?"

"रसेल विचारतोय," दत्तप्रसाद म्हणाले. "आणि त्याच्या घरात उद्या आपली नातवंडं होतील. त्यांना काय मुलाच्या जन्माआधी चार वर्षं मेलेल्या माणसाची वंशज म्हणून सांगू?"

या वेळी त्यांनी मधल्या नावाला हात लावला नाही. इलायसच्या गावचीच जन्मनोंद मागवली. ती आली. इलायस, आईचं नाव थँकफुल थॉर्ली. बापाच्या जागी काही नव्हतं. शाई सांडलेली नव्हती, पान फाटलेलं नव्हतं. जागा सोडलेली होती. थँकफुल अविवाहित. मुलाला आडनाव तिचं, आणि मधलं नाव बहुधा गावच्या कोणा पाद्र्याचं.

पण थँकफुलला बाप होता. जोनाथन थॉर्ली, इंग्रजांच्या राज्यात जन्मलेला, जंगल तोडून दगड वेचून शेत केलेला. पलटणीत गेला नाही, कारण पेरणी होती. गावाने लेकीला नावं ठेवली असणार, गावं दुसरं काय करतात. म्हाताऱ्याने तिला घराबाहेर काढलं नाही. मरताना लिहून ठेवलं, की पश्चिमेकडची खोली, चुलीचा वापर आणि एक गाय थँकफुलची, आणि नातू इलायस याला एक डुक्कर.

दत्तप्रसादांना हा माणूस कॅप्टनपेक्षा आवडला, याचं त्यांनाच नवल वाटलं. रसेलना त्यांनी फोन केला. जन्मनोंद आणि मृत्युपत्र वाचून दाखवलं.

"डुक्कर," रसेल म्हणाले. "गुड ऑन हिम." मग, "थँकफुल. चांगलं नाव आहे."

पुण्याचा फोन अवघड होता. दत्तप्रसादांनी तो स्पीकरवर लावला, मंजिरी शेजारी बसली म्हणून, किंवा धीर यावा म्हणून.

"म्हणजे कॅप्टन गेला?" श्रीनिवासदादा म्हणाले.

"तो आपला नव्हताच."

"आणि बापाचा पत्ता नाही."

"नाही. वंश आईकडून. मूळपुरुष जोनाथन, त्याची कन्या थँकफुल, तिचा मुलगा इलायस."

"दत्तू, हे कुलवृत्तांतात कसं बसवू? लोक हसतील. त्यापेक्षा 'परदेशी' बरं, कोणी खोलात जात नाही."

"दादा, आपला मूळपुरुष दत्तक. पान एकवर आहे. जन्मदाता एक, दत्तक घेणारा एक, दोघांची नावं आपण अभिमानाने छापतो."

"त्याचा इथे काय संबंध?"

"आपल्याकडे दोन बाप, त्यांच्याकडे एकही नाही. सरासरी काढ, व्यवस्थित येते."

मंजिरीने उशी तोंडावर धरली.

"चेष्टा पुरे. समितीत काय सांगू मी?"

"समितीला सांग, नियम मूळपुरुषापर्यंतचा आहे, आणि मूळपुरुष पुराव्यासकट दिलाय. मधे बाईच असली तर चालणार नाही असं कुठे म्हटलंय? नियम मीच लिहिलाय. आणि हे बसत नसेल तर ऑस्ट्रेलिया शाखेची सगळी पानं मी परत मागतो. मितालीपुढे तो शब्द आला, तर माझ्याही नावापुढे तोच घाल. मीही वीस वर्षं इकडेच आहे."

पुण्यात कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि लांबून लतावहिनींचा. "अहो, घाला की त्या थँकफुलला. तिच्या बापाने ठेवून घेतली घरात, तुम्हाला पुस्तकात घालता येत नाही?"

श्रीनिवासदादा मग म्हणाले, "डुक्कर काढतो. गाय ठेवतो."

"दोन्ही ठेव."

"बरं, ठेवतो. पण अर्धं पान नाही. आठ ओळी."

"बारा."

"दहा. आता ठेव फोन, आंघोळ व्हायचीये माझी."

मिताली दहा ओळींत बसली. नवरा, सासरे, आजेसासरे, आणि पार वर जोनाथन शेतकऱ्यापर्यंत, मधे थँकफुलसकट. दत्तप्रसादांनी मजकूर पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवला. जेवणाच्या टेबलावर ऊन आलं होतं. आपण एका बाईला दोनशे वर्षांनी न्याय दिला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर पसरू लागलं. ते मंजिरीने पसरू दिलं नाही.

"छान झालं," ती लॅबची बॅग उचलत म्हणाली. रविवारीही नमुने थांबत नव्हते. "थँकफुलची खोली कुठल्या दिशेला होती?"

"पश्चिमेला."

"आणि माझ्या आईच्या आईचं नाव काय?"

दत्तप्रसादांनी लॅपटॉपकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा लॅपटॉपकडे.

"ते ऑनलाइन नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहे. मला विचार." तिने मास्क कानांवर चढवला. "पण आता नाही. मी आठ वाजता येईन, कुकर लावून ठेव, मग बसू."

गाडी गेल्यावरही दत्तप्रसाद थोडा वेळ दारातच उभे होते. मंजिरीच्या आजीचं म्हणून त्यांनी मनात तीन नावं काढून पाहिली. तिन्ही त्यांच्या स्वतःच्या माणसांची निघाली. मग ते आत आले आणि तांदूळ धुवायला घेतले.