सांध्यावरचा गाल

मेर्वीने स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे ढकललं आणि पुन्हा उजवीकडे आणलं. पुढची चाकं जागची हललीसुद्धा नाहीत. ट्रकखालून बापाचा आवाज आला.

“हळू गं! घोडा नाही वळवायचाय.”

“हळूच करतेय, बाबा.”

“तुझं हळू मला ठाऊक आहे. पाळण्यात होतीस तेव्हापासून.”

हे काम खरं तर तिच्या आईचं. एकाने वर केबिनमध्ये बसून स्टिअरिंग इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतच्या एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा झिजला असेल तो हाताखाली टचकन उडतो. बाप ताइस्तो आणि आई लेंपी यांनी संसारभर हे काम जोडीने केलं होतं. भांडून अबोला धरलेला असला तरी तेवढ्यापुरतं ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ एवढं बोलणं व्हायचंच, आणि बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटायचं. पण यंदा लेंपी अंगणातल्या बर्फावर घसरली, गुडघा सुजला, आणि केबिनची उंच पायरी तिला चढवेना. म्हणून ती शेडमधल्या शेगडीजवळ खोक्यावर बसून देखरेख करत होती. देखरेखीची हौस तिला पहिल्यापासूनच.

ट्रक मेर्वीचा. जंगलातले ओंडके भरून ती कारखान्यावर पोचवायची. गेल्या आठवड्यापासून सरळ रस्त्यावरही तो आपल्या मनाने जरासा वाहवत होता. परवा नदीवरच्या अरुंद पुलाच्या तोंडाशी तिने स्टिअरिंग वळवलं आणि ट्रकने ते क्षणभर उशिरा ऐकलं. भरलेल्या ट्रकला तो क्षणही पुष्कळ झाला. कठडा हातभर अंतरावर राहिला.

पण तिला घोर लागला होता तो ट्रकचा नव्हे. रविवारी सगळे सौनाच्या वाफेच्या खोलीतून निघताना ताइस्तोने तापलेल्या भट्टीचं लोखंडी दार उघड्या बोटांनी लावलं होतं. बोटं भाजली, वास आला, आणि तो आपला शेजाऱ्याच्या कुत्र्याची गोष्ट रंगवून सांगत राहिला. तरुणपणी त्याने जंगलात यांत्रिक करवत चालवली होती. त्या वयाच्या कितीतरी लाकूडतोड्यांची बोटं थंडी पडली की मेणासारखी पांढरी होत, तशी त्याचीही होत. पण पांढरी पडणं वेगळं आणि काहीच न कळणं वेगळं. ज्याला तापलेलं दार कळत नाही, त्याला सांध्यातला केसभर ढिलेपणा काय कळणार?

म्हणून तिने कायानी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये उद्याची वेळ ठरवून टाकली होती. आज बापाच्या समाधानासाठी एकदा तपासू द्यायचं आणि मग सांगायचं, बाबा, उद्या मी कायानीला जातेय, ट्रक यापुढे तिथेच दाखवीन. सकाळपासून हे वाक्य ती मनात घोळवत होती. शेड म्हणजे त्या माणसाचं सगळं काही होतं, आणि ते काढून घेणारी तीच होणार होती.

“इंजिन चालू करू का? स्टिअरिंग हलकं जाईल.”

“नको. त्या धडधडीत काही कळत नाही.”

पूर्वी तो स्वतःच इंजिन चालू ठेवायला सांगायचा. गेले दोन हिवाळे नको म्हणू लागला होता. मेर्वीने ही गोष्टही म्हातारपणाच्या खात्यात टाकली.

“डावीकडे. हं. हा ठीक.”

सरपटल्याचा आवाज.

“उजवीकडे. हाही ठीक आहे.”

तिसरा ठीक, चौथाही ठीक. मेर्वी रडायच्या बेताला आली. ट्रक ढिला आहे हे तिच्या मनगटांना ठाऊक होतं, आणि खाली बाप एकेका सांध्याला पास करत सुटला होता. निदान काहीतरी जाणवू दे त्याला, असं वाटून तिने स्टिअरिंगला जोरात हिसका दिला.

“सैताना!” ताइस्तो खालून ओरडला.

लेंपी दुखऱ्या गुडघ्यासकट ताडकन उभी राहिली.

“झटका काय देतेस? अगं, खाली त्याचा गाल असतो!”

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

मेर्वी खाली उतरली आणि वाकून पाहिलं. बाप पाठीवर पडला होता. लोकरीचे जाड हातमोजे घातलेले दोन्ही हात छातीवर गुमान ठेवलेले, टोपी बाजूला काढलेली. मान वाकडी करून, डोळे मिटून त्याने उजवा गाल लोखंडी सांध्याला लावला होता. गालाच्या हाडावर नुकताच लागलेला ओरखडा होता. रात्रीच ट्रक आत घेऊन शेगडी पेटती ठेवायचा त्याचा हट्ट तिला आत्ता कळला. गोठलेल्या लोखंडाला गालाची चामडी चिकटली असती.

आणि ते ग्रीस! दोन हिवाळे त्याच्या गालावर काळा डाग दिसला की दुकानात सगळे विचारायचे, ट्रकचा मुका घेतलास की काय. मेर्वीही हसली होती. लेंपी तेवढी हसायची नाही. पावाचं लोणी चिंधीला लावून ती तो डाग पुसून काढायची.

लहानपणी मेर्वीला ताप आला की हा माणूस कपाळावर हात ठेवत नसे. करवतीने माझे हात लाकडाचे झालेत, म्हणायचा, आणि गाल टेकवायचा. आईच्या हाताला जो ताप लागायचा नाही तो त्याच्या गालाला लागायचा.

“कुठे गेलीस?” त्याने डोळे न उघडता विचारलं. “एकच राहिलाय. बसतेस ना?”

मेर्वी वर गेली. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि झोपलेल्या पोराला कूस बदलून द्यावी तसं ते अगदी हलकेच डावीकडे नेलं, मग उजवीकडे.

“पुन्हा,” तो म्हणाला.

तिने पुन्हा हलवलं.

“सापडला. स्टिअरिंग बॉक्सच्या खालचा बॉल जॉइंट. बाकी सगळं ठणठणीत आहे.”

ती खाली येऊन त्याच्या शेजारी आडवी झाली. तिने त्या सांध्यावर पंजा ठेवला, ताइस्तो वर गेला आणि त्याने स्टिअरिंग हलवलं. तिच्या तळव्याला आधी काहीच कळलं नाही. तिसऱ्या खेपेला, श्वास रोखल्यावर, उंदराने कुरतडावं तसं काहीतरी हललं. ही जागा आपण सरळ ठीक म्हणून सोडून दिली असती, हे तिच्या लक्षात आलं.

ताइस्तो केबिनमधून उतरला. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने बायकोकडे पाहिलं.

“सांगितलंस ना तिला?”

“मी कशाला सांगू? तुझ्या तोंडावरच लिहिलंय की.” लेंपीने चिंधी शेगडीजवळ ठेवलेल्या लोण्यात बुडवली आणि त्याची हनुवटी धरून गाल पुसायला घेतला. ओरखड्यावर लागलं तसा तो कळवळला, पण मान काढून घेतली नाही.

“बाबा,” मेर्वी म्हणाली, “उद्या मी कायानीला जातेय.”

लेंपीचा हात थांबला. ताइस्तोने मोजे घातलेले हात पाठीमागे घेतले.

“बरोबर आहे,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “त्यांच्याकडे मशीन असतं. भरल्या ट्रकचा मामला आहे, उगाच धोका नको. ट्रक घेऊन लवकर नीघ, रस्त्यावर बर्फ असेल.”

“ट्रक इथेच राहील. मी आईची कार नेतेय. नवा बॉल जॉइंट आणायचाय ना?” “बसवीन मी. नटही मीच आवळीन, तू मध्ये हात घालायचा नाहीस. मग तू तपास. तू ठीक म्हणालास की पुलावर जाईन.”

शेगडीतलं लाकूड फुटलं. ताइस्तोने नाक ओढलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

“आईची कार?” तो म्हणाला. “ती खडखडते किती, ऐकलंयस का? ती तपासल्याशिवाय मी तुला कायानीला जाऊ द्यायचा नाही.” आणि दाराशी उभ्या असलेल्या कारच्या पुढ्यात तो टोपी काढून आडवा व्हायलाही लागला.

“आधी कॉफी तर घे,” मेर्वी म्हणाली. “थांब, मी बसते स्टिअरिंगवर.”

“तू राहू दे,” लेंपी म्हणाली. तिने चिंधी खांद्यावर टाकली. “कारला पायरी नसते.”

आणि लंगडत लंगडत ती आपल्या जागी बसायला निघाली.