ज्याचं त्याचं पान

मांडणीवालीला माणसांचे चेहरे काही केल्या लक्षात राहत नसत, आणि बाईने लग्न केलं ते नेमकं असल्या गोतावळ्यात, की जिथल्या लोकांना आपली नाती स्वतःलाच धड सांगता येत नव्हती. लग्नाच्या दिवशी तिने नवऱ्याच्या सख्ख्या मामाला वाढपी समजून त्याच्या हातात रिकामी ताटली दिली आणि वर सांगितलं, "पाणी पाठवा हो जरा." मामा भला माणूस, खरोखर पाणी घेऊन आले. पण ही गोष्ट नातेवाइकांत अशी पसरली, की विचारू नका.

आता रविवारी तोच सगळा गोतावळा घरी जेवायला येणार होता. पुन्हा फजिती नको, म्हणून मांडणीवालीने शनिवारी दुपारीच कंबर कसली. सगळ्यांचे फोटो आणि खाली कोण कोणाचं कोण, असं एक पान छापून भिंतीवर लावायचं तिने ठरवलं. छापखान्यात दिवसभर बसून पानं लावायची, फोटो आणि मजकूर जागच्या जागी बसवायचा, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. मांडणीवाली हे नाव त्यावरूनच पडलेलं. घरच्या कॉम्प्युटरवरही तेच सॉफ्टवेअर होतं. तिने सगळ्यांचे फोटो एकदम उचलले, माउसने पानभर एक चौकोन ओढला, ओढता ओढता बाणाची बटणं दाबली आणि सोडलं. झालं! रांगा पडल्या आणि एकेक चेहरा आपापल्या चौकटीत जाऊन बसला. कितीदा केलं तरी हे बघताना तिला गुदगुल्या व्हायच्या.

"बाप रे!" मागून आवाज आला.

ही खारू. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. गालात सदैव काहीतरी कोंबलेलं, म्हणून खारू. ती अगदी लहान असतानाच तिची आई गेली होती. पोर भांडखोर नव्हती, रुसकी नव्हती. उलट इतकी नीट वागायची, की मांडणीवालीच्या जिवाला घोर लागायचा. "अहो, तुमचा डबा राहिला." "अहो, तुम्हाला फोन आलाय." बापाला "अरे बाबा", आजीला "अगं आजी", आणि हिला तेवढं पाहुणीसारखं अहो-जाहो. नवरा म्हणायचा, "होईल गं हळूहळू." त्याचं काय जातंय बोलायला! ते 'अहो' तिला रोज टोचायचं. पण अशी गोष्ट मागून घेता येत नाही, एवढं तिला कळत होतं.

"हे आपोआप झालं?" खारूने विचारलं.

"ये, तू करून बघ. माउस सोडायचा नाही आणि बाण दाबायचा."

खारूने बाण दाबला, पुन्हा दाबला, दाबतच सुटली. रांगा वाढल्या, चौकटी बारीक झाल्या, आणि सोडल्यावर मामांचं टक्कल नखाएवढं होऊन बसलं. खारू खो खो हसली आणि स्टूल ओढून शेजारीच बसली.

मग फोटोंखाली ओळी लिहायच्या होत्या. सगळ्यांना ओळखणारी खारूच. ती सांगत गेली, मांडणीवाली लिहीत गेली. एका फोटोपाशी खारू म्हणाली, "थोरल्या काकूंच्या धाकट्या जाऊबाई." तेवढं चौकटीत मावेना आणि कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह उमटलं.

"हे काय?"

"आत अजून मजकूर आहे, पण दिसत नाही, असं सांगतंय ते. याला कापायचं." मांडणीवालीने नुसतं 'काकू' केलं. "फोटोखाली ओळ एकच. दुसरी आली की पान बिघडलंच म्हणून समज. छापखान्यात मी कोणाचं ऐकत नाही याबाबतीत."

कागद छापून झाला आणि सासूबाईंच्या हातात गेला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला.

"हा मामा?"

"तुमचे भाऊ ना ते?"

"अगं, माझा भाऊ म्हणून तुझ्या नवऱ्याचा मामा. माझा कुठून मामा झाला तो? आणि माझ्या लेकीच्या खाली आत्या! उद्या तिची पोरं वाचतील, आईच्या फोटोखाली आत्या. भिंतीवर लावशील तर जेवणं राहतील बाजूला आणि भांडणं होतील, सांगून ठेवते."

मांडणीवालीचं तोंड एवढंस्सं झालं. सासूबाईंचं बरोबरच होतं. एकच माणूस कोणाचा मामा, कोणाचा भाऊ, कोणाचा साडू. एका ओळीत तो बसवायचा कसा? आणि मग एकदम ती अशी उठली, की खुर्ची मागे आदळली.

"खारू! सुचलं! शाळेची ओळखपत्रं करतो ना आम्ही, तसं! साचा एकच, आणि मजकूर तक्त्यातून येतो. प्रत्येकाला त्याचं वेगळं पान! फोटो तेच, जागा त्याच, फक्त खालच्या ओळी बदलायच्या. मामांच्या पानावर मामा ज्याला जे म्हणतात ते!"

"म्हणजे आत्याच्या पानावर बाबाच्या फोटोखाली 'दादा'?"

"अगदी!"

"आणि माझ्या पानावर 'बाबा'! अहो, भारीच की!"

मग काय, घरात नुसती धमाल. तक्त्यात माणसामागे एक ओळ, ती भराभर भरायची.

"मामा आजीला काय म्हणतात?"

"अक्का. चिडले की अक्कासाहेब."

"मग काय लिहू?"

"अक्कासाहेब! लिहाच!"

नवरा दारातून म्हणाला, "पोटाला काही मिळेल का आज?" तशा दोघी मान न वळवता एका सुरात ओरडल्या, "थांब रे!" तो गुपचूप आत जाऊन स्वतःच भाजी चिरायला बसला. थोड्या वेळाने खारूही गाल भरायला तिकडे गेली, आणि नेमकी तेव्हाच तक्त्यात खारूची ओळ आली.

बाबा, आजी, आत्या, सगळं सोपं होतं. पानावर शेवटची एक चौकट रिकामी होती. तिथे मांडणीवालीने नवऱ्याच्या जुन्या फोल्डरमधून खारूच्या आईचा फोटो आणून बसवला आणि खारूच्या ओळीत त्याखाली लिहिलं, 'आई'. मग ती स्वतःच्या फोटोपाशी आली आणि तिचा हात अडला. 'अहो' लिहायचं? हसतील लोक. कोरं सोडायचं? चारचौघांत पोरीला विचारतील. शेवटी छापखान्याची सवय उपयोगी आली, म्हणजे आडवी आली म्हणा. चूक नको, जे खरं तेच छापायचं, म्हणून तिने लिहून टाकलं, 'बाबांची बायको'.

खारू परत आली आणि पडद्यासमोर थबकली. तिने आईच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा कुठून आणला?"

"बाबांच्या जुन्या फोल्डरमध्ये होता. तुला नको असेल तर..."

"राहू दे." मग बोट सरकलं. "आणि हे काय? बाबांची बायको? मी कधी म्हटलं असं?"

"नाही म्हणत. पण तू मला काहीच म्हणत नाहीस ना, खारू. मग म्हटलं, निदान खोटं तरी नको."

खारूचे कान लाल झाले. "सरका तिकडे. आणि बघायचं नाही."

तिने कीबोर्ड पुढ्यात ओढला. बटणं आपटत, खोडत, पुन्हा आपटत तिने बराच वेळ घेतला. मांडणीवाली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला हसू येत होतं.

"हं. बघा आता."

खारूचं पान समोर आलं. मांडणीवालीच्या फोटोखाली एवढंच दिसत होतं, 'जिला मी तोंडावर'. आणि कोपऱ्यात ते लाल चिन्ह.

"मावलं नाही," खारू हिरमुसली. "कापायला लागणार ना?"

"हात लावू नकोस!" मांडणीवाली जवळजवळ किंचाळली. तिने माउसने चौकटीची खालची कड धरली आणि ओढली. एक ओळ उघडली, 'अहो म्हणते'. आणखी ओढली, 'आणि मनातल्या मनात'. कड पानाच्या टोकाला टेकली तेव्हा शेवटची ओळ बाहेर आली आणि लाल चिन्ह गेलं.

'अगं म्हणते ती'.

मांडणीवालीला पुढचं धड दिसेना. तिने पदरबिदर न शोधता हातानेच डोळे पुसले.

"पान बिघडलं," खारू हळूच म्हणाली. "चार ओळी झाल्या."

"झाल्या तर झाल्या. जागा करू. सगळ्यांचे फोटो लहान करावे लागतील."

"मग कर की, अगं!" खारू बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते कळताच तिने घाईघाईने गालात गाजराचा तुकडा कोंबला.

मांडणीवालीने एकदम सगळा गोतावळा निवडला आणि लहान केला. मामांचं टक्कल पुन्हा नखाएवढं झालं.