धुराच्या फोटोखालचा बेलचा

वरचा फोटो पाहून झाला असेल, तर जरा खाली बघा. इथे, भिंतीला टेकून. मी बोलतोय, बेलचा. कोळशाचा बेलचा, म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचं फावडं.

माझ्याकडे कोणी बघत नाही याचा मला राग नाही. फोटो आहेच तसा, दारापेक्षा उंच. छोट्या लाइनीचं वाफेचं इंजिन, त्याच्या डोक्यावर काळ्याकुट्ट धुराचा डोंगर, आणि इंजिनातून बाहेर वाकून वर बघणारा एक माणूस. लोक येतात, धुरासमोर उभे राहून आपलेही फोटो काढून घेतात, जातात. एखाद्याचा पाय मला लागतो. मग तो वाकून मला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो. दिवसभरात तेवढीच माझी विचारपूस.

तो वाकलेला माणूस म्हणजे चंपतराव. फायरमन, इंजिनाची आग सांभाळणारा. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हातात होतो.

माझा पत्रा कुठल्या कारखान्यातला, दांडा कुठल्या झाडाचा, मला माहीत नाही. आठवतं ते नागपूरच्या शेडमधलं स्टोर. तीसेक बेलचे ओळीने उभे होते. चंपतरावांनी चार-पाच उचलले, हातात झुलवून पाहिले, ठेवून दिले. मला उचललं आणि ठेवलंच नाही. ते डावखुरे. म्हणून माझं पातं एकाच कोपऱ्याला झिजून गोल झालं आहे. ती माझी खूण.

नागपूरहून सावनेर, पुढे छिंदवाड्याकडे, अशी आमची गाडी. मी शाळेत गेलो नाही, पण आगीचं मला कळतं. ऐका. चांगल्या फायरमनच्या इंजिनाला धूर दिसत नाही. कोळसा थोडा थोडा टाकायचा, पातळ पसरायचा, चारही कोपऱ्यांना पोचवायचा. मग भट्टी पांढरी जळते आणि धुरांड्यावर नुसती हवा थरथरते. काळा धूर निघाला म्हणजे कोळसा न जळताच वाया चालला. दुसऱ्या कोणाच्या इंजिनाचा काळा धूर लांबून दिसला की आमचे ड्रायव्हर गोपाळराव म्हणायचे, "पाहा, याची भाकर जळली!"

चंपतरावांची भाकर कधी जळली नाही. त्यांच्या हाताखाली वाफेअभावी गाडी एकदाही उभी राहिली नाही. ते बोलायचे कमी. पण गाडी मुक्कामाला लागली की इंजिनाच्या गरम पाण्याने मला धुवायचे, आणि मग माझ्यावर भरिताची वांगी भाजायचे. मिरच्या गोपाळरावांच्या डब्यातल्या. खरं सांगू? कोळसा मी विसरलो. वांगी विसरलो नाही.

मग ठरलं की वाफेची इंजिनं बंद होणार. ही बातमी आमच्या आधी फोटोवाल्यांना कळली. कुठून कुठून लोक यायला लागले. त्यातले एक पुण्याचे. भाड्याची मोटारसायकल घेऊन सावनेरच्या अलीकडे एका पुलाजवळ उभे राहायचे, सतत आठ दिवस. गाडी दिसली की दोन्ही हात वर करून ओरडायचे, "धूर द्या, धूर!"

चंपतराव द्यायचे नाहीत. शेवटी ते पुण्याचे सावनेर स्टेशनावर इंजिनापाशी आले.

"अहो, आठ दिवस झाले. फोटोत नुसतं डबडं दिसतंय. धुराशिवाय लोकांना कसं कळणार, वाफेचं इंजिन आहे ते?"

"साहेब, धूर पायजे असन तं दुसऱ्या फायरमनले सांगा. माह्याकडून नाही होत."

गोपाळराव हसायला लागले. "याले धूर मागणं म्हणजे सैपाकणीले म्हणणं, बाई, आज जरा करपवून वाढ!"

शेवटचा दिवस आला. इंजिनाला झेंडूच्या माळा घातलेल्या, डब्यांत माणसं दाटलेली. पुलाजवळ ते पुण्याचे दिसले. आज ओरडले नाहीत, हात जोडून उभे होते.

"दे ना गा चंपत," गोपाळराव म्हणाले. "उद्यापासून कोण मागणार हाये आपल्याले धूर?"

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मग त्यांनी कोळशाचा बारीक चुरा माझ्यावर घेतला आणि सात-आठ वेळा एकाच जागी फेकला. पांढरी आग दबून गेली. वर डोंगरासारखा धूर उठला. ते वाकून वर बघायला लागले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा धूर त्यांना दिसत होता. तोच हा फोटो.

पुढचं फोटोत नाही. सावनेर सुटल्यावर चढ लागला. दबलेली आग काही उठेना. वाफेचा काटा खाली, आणखी खाली. चंपतराव घामाने भिजले, सळईने आग खालीवर करत राहिले. अर्ध्या चढावर गाडी उभी राहिली. माळा घातलेली, शेवटची गाडी.

मागून गार्ड धावत आला. "काय झालं?"

"म्हैस आडवी आली," गोपाळराव म्हणाले.

"कुठं हाये म्हैस?"

"गेली ना मंग! ते काय तुह्या सहीसाठी थांबते?"

गार्ड हसला, त्याने म्हैस लिहून घेतली. पाऊण तासाने वाफ झाली, गाडी हलली. मुक्कामाला चंपतरावांनी मला नुसतं धुतलं. त्या दिवशी वांगी भाजली नाहीत.

शेड थंड झालं तेव्हा स्टोरवाला म्हणाला, "घेऊन जा गा, आता याचं का काम?" त्यांनी मला सायकलला बांधून नागपुरातच हुडकेश्वरला, घरी नेलं. त्यांची बायको प्रेमिलाबाई दारातच म्हणाली, "लोकं पेढे आणतात, तुमी बेलचा आणला! करू का याचं? पूजा?" दसऱ्याला तिनेच माझ्या पात्याला हळदकुंकू लावलं. दरवर्षी लावायची.

गोपाळराव गेले. म्हशीचं गुपित घेऊन गेले. काही वर्षांनी प्रेमिलाबाई गेली. मुलगा नोकरीच्या सोयीसाठी शहरातच मनीषनगरला राहायला गेला. चंपतराव सकाळी अंगणात खाट टाकून बसायचे, मी भिंतीला टेकलेला. कधीतरी म्हणायचे, "त्या दिवशी तुले उचलालेच नाही पायजे होतं." मी ऐकून घ्यायचो. ऐकायला दुसरं होतं तरी कोण?

मग एक दिवस नात आली, हर्षा. हातात मोबाइल, त्यावर हाच धुराचा फोटो. "आबा! हे तुमीच ना? अवघे लोक पाहून राहिले! ते जुन्या गाड्यांचं दालन उघडून राहिले, त्याहीले तुमी पायजे, अन् बेलचाही पायजे!"

"मले नाही जाचं."

"काहून?"

त्यांनी मोबाइलातला धूर पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "तुह्या आजीनं जन्मभर चांगल्या भाकरी केल्या. एकदाच एक जाळली. अन् लोकायनं त्याच भाकरीचा फोटो भिंतीवर लावला, तं?"

हर्षाला तेव्हा कळलं नाही. पण ती हट्टी. घेऊन आलीच.

समारंभात त्यांना या फोटोखाली उभं केलं, मला हातात दिलं. खूप वर्षांनी त्यांची मूठ लागली. माइक पुढे आला तेव्हा ते म्हणाले, "हा धूर म्हणजे माही चूक हाये. म्हैसगिस काही नव्हती. गाडी माह्यानं उभी राहिली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले एकजण शेजाऱ्याला म्हणाले, "किती साधा माणूस!" एकट्या हर्षाने टाळी वाजवली नाही. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

मला इथे ठेवून ते गेले. पुढच्या रविवारी आले. मग दर रविवारी. माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसायचे. एका रविवारी पिशवीतून एक फोटो काढला. हर्षाने त्या पुण्याच्या माणसाला शोधून फोन केला होता. ते आता फार म्हातारे. म्हणाले, "बिनधुराचे आहेत की, आठही दिवसांचे! ते कधी कोणी मागितलेच नाहीत."

चंपतरावांनी तो फोटो माझ्या पात्यासमोर धरला. "पाह्य," म्हणाले.

मी पाहिलं. तोच पूल, तेच इंजिन. धुरांड्यावर काहीच नाही. नीट पाहिलं तर मागचं बाभळीचं झाड तेवढं हलल्यासारखं दिसतं, पाण्यात दिसावं तसं. ती आमची आग.

ते दालनातल्या माणसाला म्हणाले, "हा बी लावा ना बाजूले."

त्या माणसाने फोटो उलटसुलट पाहिला. "काका, यात तं काहीच नाही. पाहू पुढं." आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवला.

त्यालाही बरेच दिवस झाले. दोन-तीन रविवार चंपतराव येऊन त्या खणाकडे बघत बसले. आता चार रविवार ते आलेले नाहीत. तब्येत आहे, की बस मिळत नाही, मला कोण सांगणार? खुर्ची इथेच आहे. पायानेच ओळखतो मी त्यांना, पण रविवारी फरशीवर दुसऱ्यांचेच पाय येतात.

तुम्ही इतका वेळ थांबलात, म्हणून एक मागतो. जाताना त्या टेबलापाशी जा आणि खालच्या खणातला फोटो मागा. पाहू म्हणाले, तर पुन्हा मागा. दहाजणांनी मागितला तर लावतील. मग हुडकेश्वरकडे राहत असाल, तर चंपतरावांना सांगा, फोटो लागला. ते येतील.

आणि फोटो हातात आला की नीट बघा. धूर दिसणार नाही. तेच आमचं काम होतं.