आठ पायांचा मान

राळेचा तो खडा घासताना चार महिन्यांत तिच्या बोटांची सालं निघाली. आत कोट्यवधी वर्षांपूर्वी अडकलेला, वाळूच्या कणाएवढा आठ पायांचा प्राणी. वरची राळ ओल्या पॉलिश पेपरवर केसाकेसाने उतरवायची. हात जरा जड पडला की प्राणी गेलाच.

ती त्याच्या नख्यांपर्यंत पोचली, आणि नख्यांनी भल्याभल्यांना तोंडघशी पाडलं. सगळे त्याला आजच्या एका कुळाचा मूळपुरुष समजत होते. त्या कुळात पायाला चार सुट्या नख्या. याच्या पायाला दोनच, त्याही बुडाशी जोडलेल्या. म्हणजे हा चुलत घराण्यातला. दोन्ही घराणी त्याच्याही आधीच वेगळी झाली होती.

हा शोध तिच्या नावावर छापून आला की संग्रहालयातली कायमची जागा तिची, हे शिपायालाही ठाऊक होतं. चौदा वर्षं ती दर अकरा महिन्यांनी नव्या करारावर सही करत आली होती. लेख लिहिण्याचं काम ताईने अंगावर घेतलं. ताई आता विभागप्रमुख होती, पण कधीकाळी वसतिगृहात दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. हिच्या तापात ताई उशाशी बसून असायची. हिने डोळे झाकून सगळं तिच्या हवाली केलं.

आज अंक आला. ताईने खोलीत बोलावून पान उघडून दिलं. प्राण्याला हिचं नाव दिलं होतं. हिने ते नाव दोनदा वाचलं. मग नजर वर लेखकांच्या नावांकडे गेली. तिथे ताई होती आणि ताईचा भाचा होता.

"माझं नाव कुठंय, ताई?"

"अगं, प्राण्यालाच दिलंय की. आपल्या धंद्यात कुणी स्वतःच्या प्राण्याला स्वतःचं नाव देतं का? लोक हसले असते. म्हणून लेखकांतून तुला काढावं लागलं."

"त्याने तर तो खडा हातातसुद्धा धरला नाही."

"फोटो नीट लावले त्याने."

भाच्यानेही त्याच जागेसाठी अर्ज केला होता.

"हे नाव कधी ठरवलंस?"

"जागेची जाहिरात आली ना, त्याच आठवड्यात," ताई बोलून गेली, आणि मग चष्मा पुसत बसली.

त्याच आठवड्यात ताईने तिला स्वतः अर्ज भरायला लावला होता. 'तुझाच हक्क आहे,' म्हणाली होती. केसाने गळा कापणं ती आजवर नुसतं ऐकून होती.

"त्याला अजून कुठेच नोकरी नाही गं," ताई हळूच म्हणाली. "तू समजून घेशील, म्हणून तर धाडस केलं. दुसरी असती तर केलं नसतं."

बाहेर सगळे तिच्यासाठी टाळ्या वाजवत उभे होते. भाचा तिच्यापुढे आला. "मावशी, अभिनंदन. सोमवारी मुलाखत आहे, तेवढं नख्यांचं मला समजावून सांगाल?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. मग खुर्ची ओढली, त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि पहिल्या पायापासून सांगायला लागली.