लांब चालणारी रेकॉर्ड

देवसिंग नायकाला अशी रेकॉर्ड हवी होती, जी आर्णीत कोणी ऐकलेली नाही आणि जी लवकर संपत नाही. गाणं कशाचं, कोणाचं, कोणत्या मुलखातलं, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

"सिनेमाचीच देतो ना, नायक," घनश्याम म्हणाला. आर्णीच्या बाजारात त्याचं दुकान होतं आणि लग्नाकार्यात तो भोंगा, बॅटरी आणि रेकॉर्ड वाजवायचं नवं यंत्र भाड्याने देई. "लोकं खुश होतीन."

"सिनेमाचं गानं सुरू झालं का संपते. मंग तू रेकॉर्ड बदलवतं, तोवर सुनसान. मले सुनसान नाही पाहिजे."

"काहून?"

"लगन माह्या पोरीचं हाय का तुह्या?"

घनश्यामने पुढे विचारलं नाही. नायकाच्या मनात काय आहे हे त्याला कळलं असतं तर तो हसला असता, आणि नायकाला तेच नको होतं.

देवसिंग ज्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, होता तिथली रीत अशी, की नवरी सासरी निघताना ढावलो गाते. ढावलो म्हणजे रडणंच, पण चालीत. नवरी एकटी सुरू करते. बाप, याडी म्हणजे आई, भाऊ, गोठ्यातली गाय, एकेकाचं नाव घेऊन रडते. ती दमली की बाकीच्या बाया मिळून तिला समजावतात. मग पुन्हा ती एकटी. रडणाऱ्या बाईला एकटीला रडू द्यायचं नाही, कोणी ना कोणी गळ्यात पडून तिला उत्तर द्यायचंच, हा त्यातला पक्का कायदा. नवरीचं रडणं जेवढं चांगलं, तेवढं मायबापाचं प्रेम खरं, असा तांड्याचा हिशेब.

आणि देवसिंगची जमनी रडायला तयार नव्हती. देवसिंगची मोठी बहीण लालीबाई तिला दिवाळीपासून ढावलो शिकवत होती. पोरीने सगळा पाठ केला, नवरीचा आणि बायांचाही. पण म्हणून दाखव म्हटलं की ती बाजाराचा भाव सांगावा तशी म्हणायची.

"मास्तर चांगले हायेत. महागावले हिरीवर जा लागत नाही, दारात नळ हाय," जमनी होणाऱ्या नवऱ्याबद्दल म्हणाली. "मी कायले रडू, फुई? खोटं खोटं मले येत नाही."

देवसिंगला हे आतून फार लागलं होतं. जमनीची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. त्याने दुसरं लग्न केलं नाही, पोरीची वेणीसुद्धा स्वतः घातली, वाकडी का होईना. आणि आता पोरीला जाताना एक टिपूस येऊ नये! त्यात भर म्हणजे तांड्यातला रामलाल. त्याची पोर उजवली तेव्हा ती जरा कमीच रडली होती, आणि नायकाने भर मांडवात म्हटलं होतं, "घरी जीव लावला नसंल." तेव्हापासून रामलाल जमनीच्या लग्नाची वाट पाहत होता. एवढ्या आवडीने वरबापानेही पाहिली नसेल.

म्हणून भोंगा. भोंगा चालू असला की नवरी रडली की नाही हे कोणाच्या बापाला कळतं!

घनश्याम नागपूरला गेला आणि थाळीएवढी काळी रेकॉर्ड घेऊन आला. एका गोऱ्या इंजिनिअरने ती मागवली होती, पण न्यायच्या आधीच त्याची बदली झाली. दुकानदाराने सांगितलं की हे अगदी ताजं ध्वनिमुद्रण आहे, रचना करणारा माणूस अजून जिवंत आहे, आणि एक बाजू संपेपर्यंत माणसाचं जेवण होतं. पियानो नावाच्या अवाढव्य पेटीवर एक जण वाजवतो आणि बाकीचा मोठा ताफा त्याच्यासोबत वाजवतो, या प्रकाराला कॉन्चेर्टो म्हणतात, हेही सांगितलं. घनश्यामने जेवणाचं तेवढं लक्षात ठेवलं.

पाकिटावर त्या पेटीपुढे बसलेल्या बाईचा फोटो होता.

"हे कोन?" देवसिंगने विचारलं.

"वाजवनारी."

"तोंड काहून पाडलं?"

"पुरा दिस वाजवत असंल, नायक."

पाठवणीच्या वेळी तांडा सगळा मोकळ्या जागेत जमला. जमनीला रीतीप्रमाणे सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं केलं, दोन बाया धरायला. लालीबाईने तिच्याकडे पाहून सुरू कर म्हणून मान हलवली. रामलाल पुढच्या रांगेत येऊन बसला. देवसिंगने घनश्यामला हात केला.

आधी ताफ्याने एकदम मोठा आवाज केला. बैलाने दोन पावलं मागे घेतली. मग सगळं शांत झालं आणि पेटी एकटी वाजू लागली. मग ताफा. पुन्हा पेटी. गाणारा काही सुरू करेना. लोक सभ्यपणे थांबले. महागावचे पाहुणे म्हणाले, "आता सुरू होईन." मास्तर शिकलेले, त्यांना सगळ्यांनी विचारलं. ते म्हणाले, वाद्यं लावून राह्यले असतीन.

देवसिंगला काही घाई नव्हती. त्याचं काम झालं होतं. जमनी ढावलो गात होती की नाही, कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि रामलालचा चेहरा उतरला होता.

मग रेकॉर्डवरचं वाजणं हळू झालं. पेटी एकेक सूर लावून थांबायची, पुन्हा तोच सूर लावायची. लालीबाई उठून भोंग्याखाली गेली आणि कान देऊन उभी राहिली.

"देवा," ती भावाला म्हणाली, "बाई रडून राह्यली."

"बाई नाही अक्का, पेटी हाय."

"मले शिकवू नको. एकटी रडते, मंग बाकीच्या समजावतात, मंग पुना एकटी. ढावलोच हाय. आता पाय, बाकीच्या चूप बसल्या. कोनी उत्तर देऊन नाही राह्यलं तिले." तिने बायांकडे वळून पाहिलं. "लाज नाही वाटत? पावनी रडते न् तुमी बसल्या!"

आणि लालीबाईने भोंग्याचा खांब गळ्यात घेतल्यासारखा धरला आणि उत्तर दिलं. नको रडू बाई, तुझं गाव दूर नाही. पहिल्यांदा बाया बिचकल्या. पण कायदा तो कायदा. एकेक उठली, पदर डोक्यावर घेऊन खांबाभोवती बसली आणि सूर धरला. पेटी एकटी रडायची, बाया तिला समजावायच्या. घनश्याम यंत्राला हात लावायचं विसरला.

रेकॉर्डची बाजू संपली. सुई खरखरली, घनश्यामने ती उचलली, बाया थांबल्या. देवसिंगने ज्याला भिऊन हे सगळं केलं होतं, ते सुनसान आलं.

त्या सुनसानात एक आवाज चालूच होता. लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. नायक रडत होता. नुसता नाही, चालीत. पुरुषाने ढावलो गायल्याचं तांड्यात कोणी पाहिलं नव्हतं. इतक्या लग्नांत ऐकून शब्द त्याला आपोआप येत होते, फक्त सगळे नवरीचे होते, म्हणून तो तसेच म्हणत होता. याडीचं नाव आलं तिथे त्याने बायकोचं घेतलं. भुरीबाई, तू गेलीस तेव्हा मी नायक होतो, मला रडता आलं नाही. आता ही पण चालली.

कोणी हसलं नाही. कोणी उत्तरही दिलं नाही, कारण पुरुषाच्या गळ्यात पडायचं कोणी, हे रीतीत नव्हतं.

जमनी बैलावरून उतरली. डोळे कोरडेच. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि बायांचा भाग म्हणायला सुरुवात केली. नको रडू, तुझं गाव दूर नाही. लालीबाईने शिकवला होता तसाच, एक शब्द न चुकता, तो रडत असेपर्यंत.

रामलाल उठला. देवसिंगला वाटलं, आता बोलेल. रामलालने तांब्यात पाणी आणलं आणि नायकापुढे धरलं.

"जीव लावला होता," तो म्हणाला. "समजलं."

नवरा-नवरीची गाडी महागावच्या रस्त्याला लागली. धूळ बसेपर्यंत देवसिंग पाहत राहिला. घनश्याम रेकॉर्ड पुसत होता.

"नायक, पैसे भरले हायेत तुमी. दुसरी बाजू लावू का?"

"राहू दे," देवसिंग म्हणाला. "पोरगी माहेरी येईन, तवा लावू."